बाण सुटल्यानंतरचा पाऊण सेकंद

वाचकाचं पत्र (थोडक्यात): सहा वर्षं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य वापरतो. ७० पौंडांचा ताण, बाण ४३० ग्रेन वजनाचा, वेग सेकंदाला २८० फूट. सरावात ८० यार्डांवर सहा बाण पाच इंचांत बसतात. गेल्या सप्टेंबरात, परवान्यावर, रॉकी पर्वतांतल्या एका उघड्या उतारावर म्यूल डियर जातीच्या हरणाचा मोठा नर चरत होता. रेंजफाइंडरवर (अंतर मोजायच्या यंत्रावर) ६७ यार्ड, वारा जवळजवळ नाही, जनावर आडवं. बाण सुटला तेव्हा तो उभा होता, बाण लागला पोटात. अर्ध्या तासाने मागावर गेलो तर तो झुडपातून उठून पळाला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं, सापडला नाही. सोबती म्हणतो, आजच्या धनुष्याने शंभर यार्डही चालतं, तुझं नशीब वाईट. एक जुना शिकारी म्हणतो, चाळीसच्या पुढे बाण सोडणं पापच. माझं नेमकं काय चुकलं? माझी हद्द किती असावी? आणि लांबचा सराव आता सोडून द्यावा का?

नमस्कार,

तुमचा नेम चुकला नव्हता. अंतर बरोबर मोजलं होतं, धनुष्यात खोट नव्हती, आणि हात हलला असता तर तुम्ही तसं लिहिलं असतं. चूक दोन ठिकाणी झाली. पहिली, बाण सोडायचं ठरवलंत तेव्हा. दुसरी, अर्ध्या तासात मागावर निघालात तेव्हा. माझ्या मते दुसरी जास्त महाग पडली, पण आधी पहिलीचा हिशेब मांडू, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत.

बाण २८० फुटांच्या वेगाने निघाला तरी वाटेत थोडा मंदावतो. सरासरी २६८ धरा. ६७ यार्ड म्हणजे २०१ फूट, म्हणजे पाऊण सेकंद. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो, तेव्हा दोरीचा आवाज त्या नराच्या कानावर ०.१८ सेकंदात पडला. त्या क्षणी तुमचा बाण जेमतेम पन्नास फूट गेला होता, दीडशे फूट अजून बाकी होते. दचकून हालचाल सुरू करायला हरणाला ०.२ सेकंद लागतात असं समजू. तरी त्याच्या हातात ०.३७ सेकंद उरतात. हरीण दचकलं की आधी पाय दुमडून अंग खाली सोडतं, मग उसळी घेतं. मोकळं सोडलेलं कुठलंही वजन ०.३७ सेकंदात दोन फुटांहून जास्त खाली येतं. ही वरची मर्यादा झाली, प्रत्येक हरीण इतकं खाली जात नाही. पण हरणाच्या छातीतला मर्माचा भाग, दोन्ही फुप्फुसं आणि हृदय मिळून, आठ-नऊ इंचांचाच असतो. त्यातलं निम्मं अंतर जरी ते खाली गेलं तरी बाण पाठीच्या कण्याजवळून किंवा वरून जातो.

हाच हिशेब ३० यार्डांवर करा. बाणाला ०.३३ सेकंद, आवाजाला ०.०८, दचकायला ०.२. उरले ०.०५ सेकंद आणि तेवढ्यात अंग खाली येतं अर्धा इंच. ४० यार्डांवर उरतात ०.१३ सेकंद, म्हणजे तीन इंच. ६० यार्डांवर ०.३१ सेकंद आणि दीड फूट. तिसापासून चाळिसापर्यंतची दहा पावलं आणि पन्नासापासून साठापर्यंतची दहा पावलं सारखी नसतात, ती यामुळे. उरलेला वेळ अंतराबरोबर वाढतो आणि त्या वेळात पडण्याचं अंतर वेळेच्या वर्गाने वाढतं. धनुष्याचा वेग ३०० केलात तर यात फरक पडतो, पण साठाचे चाळीस होत नाहीत.

तुमचा नर तर बहुधा दचकलाही नाही. चरणारं जनावर दोन घास खातं, एक पाऊल पुढे टाकतं, पुन्हा मान खाली घालतं. रमतगमत चालणारं हरीणही सेकंदाला चार फूट सहज जातं. पाऊण सेकंदात त्याने एकच पाऊल टाकलं, छातीमागे धरलेला नेम दीड-दोन फूट मागे सरकला, आणि तिथे पोट असतं. बाण सोडताना तो ‘उभा’ होता हे खरंच. तो पाऊण सेकंद उभाच राहील असं धरून चालणं, हा निर्णय चुकला. पुढच्या वेळी दुर्बिणीतून पुढचे पाय बघा. दोन्ही खूर जमिनीवर सपाट आणि अंगाचा भार दोन्हींवर सारखा असेल, तर जनावर खरंच थांबलेलं आहे. एक खूर टोकावर असेल, किंवा पुढचा गवताचा झुबका तोंडापासून हातभर लांब असेल, तर पाऊल पडणारच.

सोबत्याचं ‘नशीब वाईट’ हे निदान मान्य करू नका. धनुष्य सुधारलं हे त्याचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी कंपाउंड धनुष्यासाठी १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं, आणि तेव्हापासून कॅम (दोरीची विषम चाकं), लेट-ऑफ (पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार उतरणं), पीप (दोरीतलं नजरेचं छिद्र), रेंजफाइंडर या सगळ्यांनी माणसाचा नेम कुठल्या कुठे नेला. हरणाचे कान आणि पाय मात्र तेच राहिले. शंभर यार्डांवर तुमच्या बाणाला सुमारे १.१५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मुख्य सूत्र तुमच्या हातात नसतंच.

जुन्या शिकाऱ्याचा आकडा मला बराचसा मान्य आहे, त्याचं कारण तेवढं नाही. चाळीसची रेघ आभाळातून आलेली नाही. ती वेळेच्या हिशेबातून येते, म्हणून जनावर, त्याची अवस्था आणि तुमचा बाण यांप्रमाणे ती पुढेमागे होते. व्हाइटटेल हरीण फार दचकरं असतं, त्याच्यासाठी मी तीसच्या पुढे जाऊ नका म्हणेन. शांत चरणाऱ्या म्यूल डियरसाठी चाळीस. एल्क या मोठ्या हरणाची छाती बरीच मोठी आणि तो दोरीच्या आवाजाला सहसा तितका झटकन खाली बसत नाही. तो निवांत असेल तर पन्नास. मान वर, कान तुमच्याकडे रोखलेले, पाय ताठ, अशा सावध जनावरावर यातलं प्रत्येक अंतर निम्मं करा. आणि तोंडाने आवाज काढून चालतं जनावर थांबवायची सवय असेल तर ती फक्त जवळच्या टप्प्यासाठी ठेवा. आवाजाने जनावर थांबतं, पण थांबतं ते दचकायच्या तयारीत.

हे झाले वरचे कठडे. तुमची स्वतःची हद्द त्याच्या आत कुठे पडते हे मैदानावर शोधायचं, आणि ८० यार्डांवरच्या त्या पाच इंचांच्या घोसाने (एकत्र बसलेल्या बाणांनी) ते कळत नाही. तो घोस अंग गरम झाल्यावरचा, सपाट जमिनीवरचा, ओळखीच्या निशाणावरचा आणि बहुतेक फील्ड पॉइंटचा (सरावाच्या साध्या टोकाचा) असतो. त्यातही माणसाच्या लक्षात राहतो तो सगळ्यात चांगला घोस. शिकारीत बाण एकच असतो आणि तो थंड अंगाने सोडावा लागतो.

म्हणून तीस दिवसांची वही घाला. रोज एकच बाण, दिवसातला पहिला. शिकारीचे कपडे, पाठीवर पिशवी, बाणाला खरं ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक). आधी दोन मिनिटं चढ पळत चढायचा, श्वास फुललेला असतानाच रेंजफाइंडर काढून अंतर मोजायचं, आणि सहा इंचांच्या वर्तुळावर बाण सोडायचा. एक दिवस उभं राहून, एक दिवस गुडघ्यावर, एक दिवस उतारावर बसून. वहीत अंतर, आसन, वारा आणि बाण आत की बाहेर एवढंच लिहा. ‘थोडक्यात चुकला’ असा रकाना ठेवू नका. ज्या अंतरावर तीसच्या तीस आत आले ते तुमचं मैदानी अंतर, आणि त्याचे दोन तृतीयांश म्हणजे शिकारीची हद्द, वरच्या कठड्यांच्या आतच. साठावर सगळे आत आले तर चाळीस.

तीसपैकी तीस आत आले तरी दोन तृतीयांश कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडेल. याचं साधं गणित आहे: इतक्या वेळा करून एकदाही चूक झाली नाही, तर खऱ्या चुकीचं प्रमाण तीन भागिले तितक्या खेपांइतकं असू शकतं, हे ९५ टक्के खात्रीने सांगता येतं. तीस बाणांवर तीन भागिले तीस, म्हणजे दहातला एक चुकणारा असू शकतो आणि तुमच्या वहीला तो अजून दिसलेलाच नाही. दहा बाणांच्या जोरावर ‘मी चुकत नाही’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत तर तिनातला एकही चुकणारा निघू शकतो.

मैदानावर न दिसणाऱ्या काही गोष्टी अंतर वाढलं की अंगावर येतात. तुमच्याच बाणाचे आकडे घेतो. वीस यार्डांवर पाच यार्डांचा अंदाज चुकला तर बाण दोन ते तीन इंच खाली लागतो, साठावर तीच चूक सात ते आठ इंच खाली नेते, ऐंशीवर दहाहून जास्त. रेंजफाइंडर आहे म्हणून ही चूक होत नाही असं समजू नका. किरण पुढच्या गवतावर किंवा मागच्या खडकावर पडतो, आकडा छान येतो, आणि हरीण भलतीकडेच असतं. तीनदा मोजा, तिन्ही आकडे जुळले तरच धरा. उतारावर सरळ रेषेतलं अंतर धरू नका. ३० अंशांच्या उतारावर रेषेत ६० यार्ड आले तर नेम ५२ चा धरायचा. बहुतेक नव्या यंत्रांत हा हिशेब आपोआप होतो, पण तुमच्या यंत्रात ती सोय चालू आहे की नाही हे हंगामाआधी एखाद्या चढावर तपासून घ्या.

धनुष्य तिरपं धरलं जाण्याकडे फार लोक दुर्लक्ष करतात. दोन अंशांचा कल डोळ्याला कळतही नाही, पण साठ यार्डांवर तो बाण तीन इंच बाजूला टाकतो, ऐंशीवर पाच-साडेपाच. डोंगरउतारावर आपलं शरीर आपोआप उताराशी जुळतं आणि धनुष्यही त्याच्याबरोबर कलतं. ताण घेतल्यावर पीपमधून पिन (साइटमधला नेमाचा ठिपका) बघायच्या आधी साइटवरचा पातळीचा बुडबुडा बघायचा, ही सवय हाडीमाशी खिळली पाहिजे. साइटचा तिसरा अक्ष (चढ-उतारावर नेम धरतानाची पातळीची जुळणी) जुळवलेला नसेल तर उतारावर बुडबुडा तुम्हाला खोटं सांगतो, तेव्हा तोही नीट करून घ्या.

आणखी एक सापळा म्हणजे सरकत्या एका पिनची साइट. साठाला लावून ठेवली, तेवढ्यात हरीण चालत चाळीसवर आलं, घाईत चाक फिरवायचं राहिलं, तर बाण वीस इंच उंच जातो. पाठीवरून गेला तर देवाची कृपा, पाठीच्या वरच्या मांसात घुसला तर जायबंदी जनावर. हरीण हलत असेल तर चाक हद्दीच्या मधल्या अंतरावर आणून ठेवा आणि ते थांबल्यावरच पुन्हा लावा. बाणाची कमान विसरू नका, हेही यातच येतं. साठाच्या निशाणाकडे जाणारा बाण मधल्या तिसावर तुमच्या नजरेच्या रेषेपासून दीड-पावणेदोन फूट वर असतो. पीपमधून वाट मोकळी दिसते आणि बाण वरच्या फांदीला घासतो. एकाहून जास्त पिनांची साइट असेल तर एक सोपी युक्ती आहे. साठाची पिन हरणावर ठेवा आणि तिसाची पिन कुठे दिसते ते बघा. तिसाच्या अंतरावर बाण तिथूनच जाणार आहे. तिथे फांदी असेल तर बाण सोडायचा नाही.

बाणाबद्दल थोडक्यात. बाण जनावराला धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून त्याचं पातं दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेलं पाहिजे आणि ते दाढीच्या पात्याइतकं धारदार पाहिजे. ताणलेल्या रबरबँडवर नुसतं टेकवलं तर तो तुटला पाहिजे. सरावात वापरलेलं पातं शिकारीला नेऊ नका. एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी ४५० ग्रेनच्या पुढचा बाण मला बरा वाटतो. वेग थोडा कमी होतो, पण आत जाण्याची ताकद टिकते. पुढच्या भागात दहा ते पंधरा टक्के भार असू द्या. बाण उभा धरून टोकावर फिरवा. ब्रॉडहेड थोडंही डुगडुगलं तर तो बाण सरावाच्या डब्यात.

ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट एकाच ठिकाणी लागतात की नाही, हे लांबच्या अंतरावरच खरं कळतं. साठावर दोन्हींचे तीन-तीन बाण सोडा. ब्रॉडहेडचा घोस डावीकडे पडला तर रेस्ट (बाण टेकवायचा आधार) किंचित उजवीकडे सरकवा, एका इंचाचा बत्तिसावा भाग, त्याहून जास्त नको, आणि पुन्हा सोडा. ब्रॉडहेडला जिथे न्यायचंय त्या दिशेला रेस्ट, एवढंच लक्षात ठेवायचं. तीन-चार वेळा सरकवूनही जुळत नसेल तर बाणाचा स्पाइन (ताठरपणा) किंवा तुमची पकड चुकते आहे. पकड तळहाताच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यावर हवी, बोटं सैल. मूठ आवळली की धनुष्य पिळलं जातं. विसावर ते दिसत नाही, साठावर चार इंच दिसतं.

यातूनच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. लांबचा सराव अजिबात सोडू नका. ऐंशी यार्डांवर पकडीतला, सोडण्यातला, रोखून धरण्यातला प्रत्येक दोष भिंग लावल्यासारखा मोठा दिसतो. रिलीजच्या (दोरी सोडायच्या साधनाच्या) बटणाला झटका देण्याची खोड तिथेच पकडली जाते, आणि ऐंशीवर महिनाभर घालवलेल्या माणसाला पस्तीसचं अंतर हाताच्या अंतरावर वाटतं. पण त्याचा खरा उपयोग दुसऱ्या बाणासाठी आहे. पहिला बाण लागल्यावर जनावर पळतं आणि अनेकदा साठ-सत्तर यार्डांवर थांबून मागे बघतं. तेव्हा दुसरा बाण ताबडतोब गेला पाहिजे. जनावर आधीच जखमी आहे, त्यामुळे इथे हद्दीचा नियम लागू होत नाही. त्याच्या यातना कमी करण्याची ती संधी असते. बहुतेक जण पहिला बाण लागला या आनंदात धनुष्य खाली करतात. बाण सुटला की हात भात्याकडे, ही हालचाल प्रत्येक सरावात करा.

कोनाबद्दल मला ठाम सांगायचं आहे. आडवं, किंवा शेपूट किंचित तुमच्याकडे वळलेलं, एवढे दोनच कोन. दुसऱ्या कोनात नेम पलीकडच्या पुढच्या पायाच्या रेषेत धरायचा, म्हणजे बाण तिरका जाऊन दोन्ही फुप्फुसं छेदतो. समोरून, तोंड तुमच्याकडे करून तिरकं, किंवा सरळ मागून, अशा जनावरावर कुठल्याही अंतरावरून बाण सोडू नका. फऱ्याचं हाड आणि पोट यांच्यामध्ये तिथे जागाच उरत नाही.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल.

छातीत बाण बसला तर अर्धा तास पुरतो. यकृतात बसला तर चार ते सहा तास थांबायचं. पोटात किंवा आतड्यात बसला तर आठ ते बारा. हे आकडे पाठ असणं हे नेमाइतकंच कौशल्य आहे, आणि कुठला आकडा लावायचा हे बाण लागल्यापासूनच्या पहिल्या दहा सेकंदांत कळतं. मागचे पाय झाडून उसळी मारून सुसाट पळालं तर बाण बहुधा छातीत खाली, हृदयाजवळ. पाठ कमानीसारखी वर करून, शेपूट दाबून, अवघडल्यासारखं चालत गेलं तर पोटात. तुमचा नर कसा गेला हे पत्रात नाही, पण ते आठवून बघा. मग बाण तपासा. गुलाबी, फेसाळ, बुडबुड्यांचं रक्त फुप्फुसाचं. गडद, जवळजवळ तपकिरी लाल रक्त यकृताचं. बाणावर हिरवट चिकट लेप आणि आंबूस घाण वास असेल तर बाण पोटातूनच गेला, शंकेला जागा नाही. बाण नाकाशी धरायला लाजू नका. बाणाच्या नळीला नुसती चरबी आणि थोडं लाल रक्त असेल तर बाण मांसातून गेला.

पोटात लागलेलं हरीण लांब पळत नाही. त्याला कोणी हुसकावलं नाही तर बहुधा काहीशे यार्डांतच, दाट झुडपात किंवा ओढ्याच्या काठी, ते बसतं आणि तिथेच मरतं. तुम्ही अर्ध्या तासात गेलात, ते उठलं, आणि त्यानंतर ते किती लांब गेलं असेल याचा अंदाज कोणालाच करता येत नाही. पोटाच्या जखमेतून रक्त थोडं सांडतं, आतड्याने भोक बुजतं, म्हणून दुसऱ्यांदा उठलेल्या जनावराचा माग बहुतेक वेळा तुटतो. तुम्ही शोधण्यात कमी पडला नाहीत. शोध चुकीच्या वेळी सुरू झाला. संध्याकाळचा बाण असेल तर रात्रभर थांबा. पावसाची भीती असली तरी थांबा. पाऊस रक्त धुऊन टाकतो, पण बसलेलं जनावर तिथेच राहतं. उकाड्यात मांस खराब होईल ही भीती खरी आहे, आणि तरीही थांबायचं, कारण घाईने गेलात तर जनावरही जातं आणि मांसही.

थांबण्याच्या त्या वेळेत काम पुष्कळ असतं. तुम्ही जिथून बाण सोडलात तिथे खूण बांधा. हरीण जिथे उभं होतं आणि जिथे शेवटचं दिसलं, त्या दोन्ही जागांची दिशा होकायंत्रावर घ्या आणि मागच्या ओळखीच्या झाडा-खडकांशी जोडून लिहून ठेवा. उतार ओलांडून पलीकडे गेलात की सगळी झुडपं सारखी दिसतात. मागावर निघाल्यावर प्रत्येक रक्ताच्या थेंबाशी कागदाचा तुकडा ठेवा आणि स्वतः मागाच्या बाजूने चाला, मागावरून नाही. पुढे रक्त मिळेनासं झालं की मागे वळून कागदांची ओळ बघा, जनावराचा कल कळतो. ओळ संपली तर दोघा-तिघांनी दहा-दहा पावलांवर राहून पट्टे पाडत झाडून शोधायचं, उताराच्या खालच्या बाजूचं पाणी आणि सावलीचे कोपरे आधी. सकाळी डोमकावळे आणि मॅगपाय पक्षी कुठे जमतात ते बघा, त्यांना आपल्याआधी कळतं. काही राज्यांत पट्ट्याला बांधलेला माग काढणारा कुत्रा चालतो, काही ठिकाणी चालत नाही. जखमी जनावर दुसऱ्याच्या खासगी जमिनीत गेलं तर परवानगी कशी घ्यायची याचेही नियम वेगवेगळे आहेत. हे दोन्ही हंगामाआधी विचारून ठेवा, फोन नंबरांसह. रात्री नऊ वाजता डोंगरात उभं राहून शोधायच्या या गोष्टी नाहीत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण परवाना शिल्लक होता म्हणून त्यानंतर तुम्ही पुन्हा गेलात का, हे मला विचारावंसं वाटतं. अनेक ठिकाणी कायदा तुम्हाला अडवत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या हरणाच्या अंगात तुमचा बाण गेला ते तुमचं झालं, हाती लागो न लागो. त्या वर्षाचा परवाना वापरला गेला असं समजा आणि उरलेले दिवस शोधात घाला. असं ठरवून निघालं की ६७ यार्डांवर बोट बटणावर जाताना हात आपोआप जड होतो.

जवळ जाण्याच्या कौशल्याबद्दल एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा शेवटचा माणूस, इशी, डोंगरातून खाली आला. विद्यापीठातले डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पुढे आधुनिक धनुर्धारी शिकारीचा पाया घालणाऱ्यांत पोप आणि आर्ट यंग यांची नावं घेतली जाऊ लागली, आणि १९६१ मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या क्लबला त्या दोघांचंच नाव दिलं गेलं. तर हा इशी लांबच्या गोल निशाणावर फारसा चांगला नव्हता. त्याची शिकार व्हायची ती दबकत, वारा तोंडावर घेऊन, तासन्‌तास न हलता, जनावराच्या अगदी जवळ जाऊन. तुमच्याकडे त्याच्याहून कितीतरी वेगवान धनुष्य आहे. तुम्हाला कमी पडले ते मधले सत्तावीस यार्ड.

ते उघड्या उतारावर कसे कापायचे हा वेगळाच विषय आहे, पण तुमच्या प्रसंगापुरतं सांगतो. चरणारा नर ६७ वर दिसला तेव्हा बाण बाजूला ठेवून घड्याळ बघायचं होतं. सकाळी ऊन चढलं की म्यूल डियर सावलीत बसतो, आणि बसला की तास-दोन तास सहसा तिथेच राहतो. तो कुठे बसतो ते दुर्बिणीतून नीट बघा आणि त्याच्या मागची-वरची एखादी खूण पक्की करा, कारण तुम्ही वळसा घालून आलात की दृश्य पालटतं. दुपारी उन्हाने वारा उतारावरून वर वाहतो, म्हणून वळसा घेऊन वरच्या बाजूने या. सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात तो खाली वाहतो, तेव्हा वरून येऊ नका. शेवटच्या शंभर यार्डांत बूट काढून जाड मोज्यांवर चाला. त्या शंभर यार्डांना एक तास लागला तर तुम्ही घाई करत नाही आहात. तीस-पस्तीसवर पोचलात की खडा मारून त्याला उठवू नका. तो आपणहून उठेपर्यंत थांबा. उठल्यावर तो बहुतेक वेळा अंग ताणून क्षणभर आडवा उभा राहतो, आणि तुम्हाला हवा तो कोन तेव्हाच मिळतो.

यासाठी ताण घेऊन थांबता यायला हवं. ८० टक्के लेट-ऑफवर तुमच्या हातात १४ पौंडच उरतात, तरी मिनिटभराने हात थरथरतो. सरावात आठवड्यातून दोनदा ताण घेऊन ४५ सेकंद मोजा आणि मगच बाण सोडा. आणि प्रत्येक पाचव्या वेळी बाण न सोडता ताण हळूहळू परत उतरवा, दोरी न दणकावता, धनुष्य न हलवता. बाण न सोडता मागे येणं हीसुद्धा हाताला शिकवावी लागणारी हालचाल आहे, आणि तुमच्या वहीत तिच्यासाठी एक रकाना हवा.